विमानानं जावं की न जावं? अकलूजकरांसाठी प्रवासाचा आणि कार्बनचा हिशेब

सोलापूरहून जून २०२५ मध्ये गोव्याचं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचं विमान सुरू झालं. तेव्हापासून वाचकांचे प्रश्न बदलले आहेत. आधी विचारणा असायची ती तिकीट कसं काढायचं, बॅगेत लोणचं चालतं का, अशी. आता लोक वेगळंच विचारतात. ‘बंगळूरची मुलगी म्हणते, विमानानं येऊ नका, हवामानाचं नुकसान होतं. खरंच एवढं होतं का?’ ‘पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसणार, त्यातही मनाला टोचणी लावून घ्यायची का?’ ‘मी बसलो नाही म्हणून विमान उडायचं थांबणार आहे का?’

माझं मत आधीच सांगून टाकतो. आयुष्यात पहिल्यांदा किंवा चार-पाच वर्षांतून एकदा विमानात बसणाऱ्यानं अपराधी वाटून घेण्याचं काहीएक कारण नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०१८ मध्ये जगातल्या फक्त ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला होता, आणि प्रवासी विमानांच्या एकूण प्रदूषणातला निम्म्याहून अधिक वाटा जेमतेम एक टक्का लोकांचा होता. पण आपल्यातही आता वर्षाला चार-सहा वेळा उडणारी घरं तयार झाली आहेत. कुणाचा मुलगा हैदराबादला, सून पुण्यात, मुलगी न्यू जर्सीला. कुणाचं दुकान कंपनीच्या ‘स्कीम’मध्ये बसलं की दुबई ठरलेली. अशा घरांनी मात्र प्रत्येक प्रवासाआधी दहा मिनिटं बसून विचार करायला हवा. तो कसा करायचा, ते पुढे सांगतो.

आधी आकडा समजून घ्या

विमानाचं इंधन म्हणजे एका जातीचं शुद्ध रॉकेलच. ते १ किलो जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. किलोचे तीन किलो कसे झाले, असं अनेकांना वाटतं. जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो, म्हणून वजन वाढतं.

आता हे घरातल्या मापानं बघू. आपल्या स्वयंपाकाच्या १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तोच शेर धरला तर:

- पुणे ते दिल्ली, एक माणूस, एका बाजूनं: साधारण १०० किलो, म्हणजे जवळजवळ अडीच सिलिंडर.
- मुंबई ते अमेरिका, जाऊन-येऊन, साध्या वर्गात: विमान आणि मार्गानुसार १ ते २ टन. वर्षाला बारा सिलिंडर लागणाऱ्या घराचा हा दोन ते चार वर्षांचा गॅस झाला.
- एका भारतीय माणसाच्या वाट्याला वर्षभरात सरासरी येतो तो कार्बन डायऑक्साइड: सुमारे २ टन.

हे आकडे अंदाजी आहेत. विमान किती भरलं, कोणतं आहे, वर माल किती, यावर ते खालीवर होतात. तुमच्या नेमक्या प्रवासाचा आकडा हवा असेल तर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा मोफत कॅल्क्युलेटर इंटरनेटवर आहे. तिकिटं दाखवणाऱ्या काही संकेतस्थळांवरही भाड्याशेजारी किलोचा आकडा येतो. तिथं भाडं बघता तसा तोही बघत जा.

जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे. ‘एवढाच?’ असं म्हणणारे बरोबर आहेत आणि चूकही. वाटा लहान आहे, कारण उडणारे थोडे आहेत. शिवाय उंचावर विमानामागे जी पांढरी रेघ उमटते, जी बघून आपली पोरं अंगणातून टाटा करतात, ती रेघसुद्धा काही वेळा ढगासारखी पसरून जमिनीची उष्णता अडवून धरते. त्यामुळे विमानाचा एकूण परिणाम नुसत्या कार्बनपेक्षा जास्त असतो. नेमका किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

आपल्याला हवामानाचं काय पडलंय, असं अकलूजमध्ये कुणी म्हणू नये. ऑक्टोबर २०२० चा पाऊस आपण पाहिला. २०२३ ला उजनी भरली नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात धरण वजा साठ्यात गेलं, तेही पाहिलं. सप्टेंबर २०२५ ला सीनेनं माढा-मोहोळकडची शेतं धुऊन नेली. यातलं कोणतंही एक संकट तुमच्या एका तिकिटामुळे आलेलं नाही. पण तापलेल्या हवेत पाऊस असा लहरी होत जातो, आणि त्याचा पहिला फटका उसाच्या आणि डाळिंबाच्या शेतकऱ्यालाच बसतो.

प्रवास कोणत्या खान्यात बसतो?

तिकीट काढण्याआधी स्वतःला विचारा: हा प्रवास कशासाठी?

*दुःखाचा आणि तातडीचा प्रवास.* कुणी गेलं, कुणी अतिदक्षता विभागात आहे, मुलीचं बाळंतपण अवघड झालंय. इथं हिशेब करू नका. मिळेल त्या विमानानं जा. घरातल्या कुणी अशा वेळी कार्बनचा विषय काढला तर त्याला गप्प बसवा.

*नात्याचा लांबचा प्रवास.* परदेशातल्या मुलांकडे जाणं. समुद्र ओलांडायचा तर विमानाला पर्याय नाही. इथं प्रश्न जावं की नाही हा नसून किती वेळा आणि किती दिवस हा आहे. याविषयी पुढे सविस्तर लिहिलं आहे.

*देशातला प्रवास.* देवदर्शन, लग्न, परीक्षा, नोकरीची मुलाखत, मुलांकडे दिवाळी. इथं रेल्वे जवळजवळ नेहमी शक्य असते, आणि सगळ्यात मोठी बचत इथंच आहे.

*कुणीतरी देतंय म्हणून होणारा प्रवास.* कृषी सेवा केंद्रांना खत-औषधांच्या कंपन्यांकडून मिळणारे थायलंड-दुबईचे दौरे याच खान्यात येतात. मी अनेक दुकानदारांशी बोललो आहे. निम्म्या जणांना जायचंच नसतं. टार्गेट पुरं झालं, नाव लागलं, म्हणून जातात. तुमच्याही मनात तसं असेल तर कंपनीच्या माणसाला स्पष्ट सांगा की दौऱ्याऐवजी क्रेडिट नोट किंवा माल द्या. पुष्कळदा ते जमतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: असा दौरा पूर्ण फुकट नसतो. व्यवसायातून मिळालेल्या अशा लाभाची किंमत वर्षाला २०,००० रुपयांच्या वर गेली, तर जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएस लागू आहे, आणि ती रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते. तुमच्या सीएला आधी विचारा, मग पासपोर्ट द्या.

मुंबईला जायचं आहे? सोलापूरकडे तोंड करू नका

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून इथं थोडं थांबतो. सोलापूरच्या विमानासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. सभासदांना ते बघवलं नाही. एवढं झाल्यावर आता विमान वापरलंच पाहिजे, असं काही जण पोटतिडकीनं म्हणतात. सोलापूर शहरातल्या आजारी माणसाला, उद्योजकाला त्या विमानाचा उपयोग आहे, आणि तो व्हावा.

पण तुम्ही अकलूजला राहता. सोलापूर आपल्या पूर्वेला सुमारे ११५ किलोमीटर, मुंबई पश्चिमेला. म्हणजे आधी उलट दिशेला अडीच तास गाडी चालवायची, विमानतळावर तास-दीड तास आधी पोचायचं, तासभर उडायचं आणि मुंबईच्या विमानतळावरून पुन्हा टॅक्सीत बसायचं. दाराशी ते दाराशी मोजलंत तर वेळ फारसा वाचत नाही. त्यापेक्षा:

- कुर्डुवाडी आपल्यापासून टेंभुर्णीमार्गे सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली सोलापूर-मुंबई वंदे भारत तिथं थांबते. सकाळी निघून दुपारी मुंबईत पोचते.
- रात्रीचा प्रवास सोयीचा असेल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहेच. झोपून जाता, सकाळी मुंबईत उतरता, लॉजचा एक दिवस वाचतो.
- एकट्यानं जायचं असेल तर स्वतःची गाडी हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. १५ किलोमीटरचा ॲव्हरेज धरला तर मुंबईला जाऊन-येऊन सुमारे ४४ लिटर डिझेल लागतं, आणि त्यातून जवळजवळ ११८ किलो कार्बन निघतो. तीच गाडी चौघांनी भरली तर माणशी तीस किलोच्या आत येते.

गोव्याचं विमान पंख्याचं, म्हणजे एटीआर जातीचं आहे. कमी अंतरावर ते जेट विमानापेक्षा बरंच कमी इंधन खातं. तरी चौघांच्या कुटुंबानं एका गाडीतून गोव्याला जाणं कार्बनच्या हिशेबात विमानापेक्षा हलकं पडतं. एकटं माणूस असेल तर विमान बरं, आणि एसटी किंवा रात्रीची बस त्याहून बरी.

दिल्ली, काशी, बंगळूर: रेल्वेचा पर्याय खरंच वापरता येतो का?

येतो, पण त्याला आधी ठरवावं लागतं. आपल्या भागातले लोक विमानाकडे वळतात ते वेगासाठी कमी आणि बर्थ मिळत नाही म्हणून जास्त. अकलूजला रेल्वे नाही. फलटण-पंढरपूर मार्गाची मागणी आपल्या आजोबांच्या पिढीपासून ऐकतो आहोत. त्यामुळे कुर्डुवाडी, पंढरपूर, दौंड, सोलापूर आणि पुणे ही आपली स्टेशनं समजा, आणि तिकीट शोधताना पाचही ठिकाणांहून शोधा. पुण्याहून वेटिंग दाखवणाऱ्या मार्गावर दौंडहून किंवा सोलापूरहून जाणाऱ्या दुसऱ्या गाडीत जागा असते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. बंगळूरला सोलापूरवरून उद्यान एक्स्प्रेस जाते, दिल्लीला दौंड-मनमाडवरून कर्नाटक एक्स्प्रेस आणि झेलम, बनारसला पुण्याहून ज्ञानगंगा.

विजेवर चालणाऱ्या रेल्वेनं दिल्लीला गेलात तर माणशी कार्बन विमानाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी पडतो. हा फरक इतका मोठा आहे की बाकीच्या बारीकसारीक उपायांची त्याच्यापुढे गणती नाही.

तिकीट काढताना:

1. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी १२० दिवस होतं). लग्नाची तारीख ठरली की पत्रिका छापायच्या आधी मोबाईलवर साठ दिवसांची आठवण लावा.
2. आधार जोडलेलं खातं तयार ठेवा. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला ते लागतंच. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं: एसीचं सकाळी १० ला, बिगर-एसीचं ११ ला.
3. साठ पूर्ण केलेले पुरुष आणि पंचेचाळीस पूर्ण केलेल्या महिला यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील तरच तो मिळतो. सगळ्या कुटुंबाचं एक तिकीट काढून आजीला वरचा बर्थ मिळाला, की ‘रेल्वे नको बाई’ सुरू होतं. आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा.
4. ज्येष्ठांना वेटिंगच्या भरवशावर घराबाहेर काढू नका. अशा वेळी विमान घ्या, मन मोठं करून घ्या.

एक मधला मार्ग मला फार आवडतो: जाताना रेल्वे, येताना विमान. काशीला जाताना मन ताजं असतं, डब्यात दशम्या-चटणी असते, सोबतची मंडळी भजनं म्हणतात. येताना पाय सुजलेले असतात, गंगाजलाची कॅन असते, घरची ओढ लागलेली असते. तेव्हा दोन तासांत पुण्याला या. कार्बन जवळजवळ निम्मा झाला आणि कुणाचे हालही झाले नाहीत. यात्रा कंपनीकडून जाणार असाल तर नाव नोंदवतानाच विचारा की जाताना रेल्वेचा गट आहे का. दहा जणांनी विचारलं की कंपनी तसा गट काढते.

मुलांकडे परदेशी जाताना

मागच्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला निरोप द्यायला गेलो होतो. ओसरीच्या आढ्याला ताणकाटा टांगलेला, त्याला बॅग अडकवलेली. आप्पा चष्मा कपाळावर सारून काटा वाचत होते: पंचवीस. आक्कांनी बॅग उघडून शेंगाचटणीची एक पिशवी बाहेर काढली, हातात तोलली, पुन्हा आत घातली आणि तिच्याऐवजी आप्पांचा स्वेटर काढला. काटा तेवीसवर आला. बाहेर सोडायला जाणाऱ्या तीन गाड्या उभ्या होत्या.

शेंगाचटणीबद्दल माझी काही तक्रार नाही. वजनाचा हिशेब असा असतो, की जादा वजनाच्या तीन-चार टक्के इंधन दर तासाला फक्त ते वजन वाहण्यात जातं. सोळा तासांच्या प्रवासात तेवीस किलोच्या एका बॅगेसाठी अकरा ते पंधरा किलो इंधन जळतं. तिथं मिळणारा कुकर, टॉवेल, साबण नेऊ नका. जे तिथं मिळतच नाही ते न्या.

त्या तीन गाड्यांबद्दल मात्र तक्रार आहे. मुंबईला एक गाडी जाऊन येते त्यात सुमारे ११८ किलो कार्बन निघतो, हे वर पाहिलं. तीन गाड्यांचे साडेतीनशे किलोंवर झाले. पुणे-दिल्ली विमानाच्या तीन जागांपेक्षा हे जास्त आहे, आणि यात विमानाचा संबंधही नाही. माणसं परतल्यावर आणायला पुन्हा तेवढ्याच गाड्या. निरोप दारात द्या, अकलाई देवीच्या देवळापर्यंत सगळे चालत जा, नारळ फोडा, आणि एकच गाडी पुढे पाठवा. सामान थोडं असेल तर अकलूज आगारातून स्वारगेटची एसटी आहेच. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना आणि सर्व महिलांना निम्मं तिकीट.

बाकी ठरवायच्या गोष्टी:

- फेऱ्या कमी, मुक्काम मोठा. दोन वर्षांत दोनदा दोन-दोन महिने जाण्यापेक्षा एकदाच पाच महिने जा. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिन्यांपर्यंत राहायची परवानगी मिळते. नेमकी तारीख तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, ती तपासा. मोठ्या मुक्कामासाठी आरोग्य विमा आणि औषधांचा साठा आधी बघावा लागतो. शेतीची व्यवस्था, बँकेची कामं, हयातीचा दाखला हेही उरकून जा.
- कुणी यायचं? तुम्ही दोघं गेलात तर दोन तिकिटं, मुलं-नातवंडं आली तर चार. तरीही मी म्हणेन की दर दोन-तीन वर्षांनी एकदा नातवंडांनी इकडे यावं. त्यांना नीरा दाखवा, किल्ल्यातली शिवसृष्टी दाखवा, घोडेबाजार दाखवा. त्या चार तिकिटांचा कार्बन मला सार्थकी लागलेला वाटतो.
- साधा वर्ग. बिझनेस क्लासची एक खुर्ची दोन ते तीन साध्या खुर्च्यांची जागा घेते, तेवढा कार्बन तुमच्या नावावर वाढतो. गुडघेदुखी असेल तर आधी व्हीलचेअर आणि वाटेकडेची जागा मागा. व्हीलचेअरची गरज तिकीट काढतानाच कळवा.
- थेट विमान. उड्डाण घेताना आणि वर चढताना मिनिटागणिक इंधन सर्वाधिक जळतं. देशात तरी दोन विमानं बदलून जाणं टाळा, भाडं हजार रुपयांनी कमी असलं तरी.

‘कार्बन भरपाई’ची चौकट: टिक करावी का?

काही तिकिटांच्या शेवटी चौकट येते: शंभर-दोनशे रुपये द्या आणि तुमचा प्रवास ‘कार्बनमुक्त’ करा. मी ती टिक करत नाही, तुम्हालाही आग्रह करणार नाही. तुमच्या पैशातून झाड लागलंच तरी आज सोडलेला कार्बन ते कित्येक वर्षांत हळूहळू शोषणार, आणि मधल्या उन्हाळ्यात ते जगलं की नाही हे तुम्हाला कुणी कळवणार नाही. करायचंच असेल तर डोळ्यांसमोर राहील असं करा.

घरावर सोलर बसवा. १ किलोवॅटचं पॅनेल वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची असल्यानं त्यातून वर्षाला सुमारे एक टन कार्बन वाचतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. मुलगा अमेरिकेहून ‘काय पाठवू?’ विचारतो, तेव्हा त्याला हे सांगा. तुम्ही दोघांनी एकदा जाऊन येण्याचा भार ३ किलोवॅट एक-दीड वर्षात उचलतं, आणि पुढेही वीज देत राहतं.

‘आपल्याच उसावर विमान उडणार, मग हरकत काय?’

ही बातमी खरी आहे, पण अर्धवट पसरली आहे. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एका प्रवासी विमानात देशी बनावटीचं शाश्वत विमान इंधन मिसळलं होतं. ते पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं उसाच्या मळीपासून तयार केलं होतं. मळी, इथेनॉल, त्यापासून विमानाचं इंधन, अशी ती वाट आहे. ज्या गावाची चूल साखर कारखान्यावर पेटते, तिथं याचा अभिमान वाटणं साहजिक आहे, मलाही वाटला.

पण मिश्रण किती होतं? एक टक्क्यापर्यंत. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी केंद्राचं उद्दिष्ट २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के आहे. म्हणजे २०३० मध्येही शंभरातलं पंच्याण्णव लिटर जुनंच इंधन असेल. आणि वाढीव उसाला पाणी कुठून आणायचं, हे नीरा उजव्या कालव्याच्या शेवटच्या चारीवर पाळी येण्याची वाट बघणाऱ्याला विचारा. मळीचं इंधन व्हावं, कारखान्यांना त्याचा भाव मिळावा. आपलं तिकीट मात्र या आशेवर काढू नये.

‘विमान तर उडणारच’

आजचं विमान तुमच्याशिवाय उडेल, हे खरं. पण कंपनी पुढच्या हंगामाचं वेळापत्रक जागा किती भरल्या हे पाहूनच ठरवते, आणि रेल्वेही जादा गाडी सोडते ती वेटिंगची यादी बघून. तुमची मागणी ज्या रांगेत उभी राहील ती रांग वाढते. फ्रान्सनं २०२३ मध्ये, अडीच तासांच्या आत रेल्वेनं पोचता येतं अशा ठिकाणची काही देशांतर्गत विमानं बंद केली. तसं करता आलं कारण तिथं रेल्वेची सोय होती. आपल्याकडे कुर्डुवाडी-पंढरपूरला अधिक गाड्या थांबाव्यात, ही मागणी पत्रानं, ग्रामसभेच्या ठरावानं करत राहणं हाही याच विषयाचा भाग आहे.

अडचण आली तर तुमचे हक्क

विमान घेतलंत, तर नियम माहीत असू द्या. काउंटरवर आवाज चढवण्यापेक्षा नियमाचं नाव घेतलं की काम होतं.

- विमान रद्द झालं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते निवडण्याचा हक्क तुमचा आहे. वेळेत कळवलं नसेल आणि कारण हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर उड्डाणाच्या लांबीनुसार ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाईही मिळते. तुमचं मूळ भाडं याहून कमी असेल तर तेवढी.
- सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाला तर खाण्यापिण्याची सोय कंपनीनं करायची असते.
- तुम्हीच तिकीट रद्द केलं, ते ‘नॉन-रिफंडेबल’ असलं, तरी विमानतळाचे कर आणि शुल्क परत मिळालेच पाहिजेत. एजंटाकडून काढलं असेल तर हे हमखास राहून जातं. रद्द केल्याच्या दिवशीच लेखी मागा.
- तक्रार आधी कंपनीकडे, मग एअरसेवा पोर्टलवर. ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- रेल्वे तीन तासांहून अधिक लेट असेल आणि तुम्ही जाणार नसाल, तर गाडी तुमच्या स्टेशनवरून सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरा. पूर्ण पैसे मिळतात. गाडी सुटल्यावर भरलात तर मिळत नाहीत.

आणि आपल्यापुरती एक सूचना. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी इंदापूर, सराटीमार्गे अकलूजला येते, इथं गोल रिंगण होतं. माउलींची पालखी त्याच सुमाराला नातेपुते, माळशिरस, वेळापूरवरून जाते. त्या चार-पाच दिवसांत आपल्याकडून पुण्याला जाणारे दोन्ही रस्ते वळवलेले असतात. त्या दिवसांतलं तिकीट असेल, विमानाचं असो वा पुण्याहून सुटणाऱ्या रेल्वेचं, तर आदल्या दिवशीच निघून पुण्यात मुक्काम करा, किंवा टेंभुर्णीकडून कुर्डुवाडी गाठा आणि तिथूनच गाडी धरा.